लॅपटॉप चालूच होईना? मग निदान या चुका तरी करू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी शटर अर्धं वर केलं न केलं तोवर एक पोरगं भिजत आलं, इंजिनिअरिंगचं, पाठीला सॅक. सॅकमधून लॅपटॉप काढला, मग भडंगाची रिकामी पिशवी काढली आणि काउंटरवर पालथी घातली. अकरा स्क्रू. त्यातला एक घरंगळत खाली गेला तो मला अजून सापडलेला नाही. म्हणलं काय झालंय, तर म्हणतंय, "दादा, रात्री बाराला चालू होता, सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही, मग व्हिडिओ बघून उघडला पण आत कुठं जळल्यासारखं काय दिसेना." म्हणलं आधी चार्जर दाखव. चार्जर सॅकमध्ये होता, हे त्याचं नशीब. अडॅप्टरपासून भिंतीपर्यंत जाणारी जी सुटी कॉर्ड असते ना, ती काढली, माझ्याकडची लावली, अडॅप्टरवरची बारकी लाईट लागली. झालं. कॉर्ड आतनं तुटलेली, रात्रभर चार्जिंगच झालं नव्हतं, बॅटरी शून्यावर. दीडशे-दोनशे रुपयांचं काम. पण मागचं झाकण हिसका मारून काढताना पठ्ठ्यानं पॉवर बटणाची रिबन, म्हणजे आतली कागदासारखी पातळ वायर, फाडून ठेवली होती, ती मागवायला पाच दिवस गेले, आणि पैसे किती गेले ते त्यानं घरी सांगितलं नसणार म्हणून मीही इथं सांगत नाही.

सांगलीत विश्रामबागला माझा गाळा आहे, हे काम करून बरीच वर्षं झाली, आणि मोठ्या बिलाचे जे लॅपटॉप माझ्याकडं येतात त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ दुखणं बारकंच असतंय. मोठं दुखणं घरीच तयार होतं, बंद पडल्यावरच्या पहिल्या तासाभरात, घाईघाईत. त्यामुळं लॅपटॉप कसा दुरुस्त करायचा हे सांगण्यापेक्षा त्या तासात काय करू नका हे सांगितलेलं बरं. जे घरी करून बघण्यासारखं आहे ते मधे मधे येईलच.

"बंद" म्हणजे नक्की काय, ते आधी बघा

ही सगळ्यात कॉमन चूक. काळा स्क्रीन दिसला की माणूस म्हणतो लॅपटॉप मेला. हरिपूरच्या एक बाई, शिक्षिका आहेत, रिक्षा करून लॅपटॉप घेऊन आल्या, डोळ्यात पाणी, दहावीच्या मार्कांचं काम अडकलेलं. मी उघडला, बटण दाबलं, कानाजवळ घेतला तर फॅनचा बारीक आवाज येतोय. कॅप्स लॉक दाबलं, लाईट लागली, परत दाबलं, गेली. म्हणजे लॅपटॉप जिवंत आहे, आत विंडोज चालू आहे, फक्त दिसत नाही. मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारला तर अंधारात पुसट पुसट आयकॉन दिसायला लागले. बॅकलाईट, म्हणजे स्क्रीनच्या मागचा उजेड, गेलेली. एचडीएमआय केबलनं दुकानातल्या टीव्हीला जोडून दिलं, बाईंनी तिथंच स्टुलावर बसून मार्कं भरली, आणि मग निवांत स्क्रीन दुरुस्तीला ठेवला.

तर आधी हे बघा: बटण दाबल्यावर फॅन फिरतो का, कॅप्स लॉकची लाईट लागते-विझते का. यातलं एक जरी होत असेल तर तुमचा प्रॉब्लेम बहुतेक पॉवरचा नाही, डिस्प्लेचा किंवा रॅमचा (काम चालू असताना लागणाऱ्या मेमरीचा) आहे आणि पुढचं सगळं वेगळं होतं. विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार एकदम दाबून बघा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर रिसेट होतो, कधी कधी तेवढ्यावर स्क्रीन परत येतो. ब्राइटनेस शून्यावर गेलाय का तेही बघा, हसू नका, महिन्यातनं एक तरी तसला येतोच.

आणि एक गंमत सांगतो. एका सीए ऑफिसमधल्या पोरीचा लॅपटॉप काम करता करता मधेच बंद व्हायचा, माझ्याकडं आणला की दिवसभर चालायचा. तीनदा आला, तीनदा धडधाकट परत गेला. मला वाटायला लागलं पोरगी काम चुकवायला कारण शोधतीये. चौथ्यांदा म्हणलं माझ्यासमोर बसून काम करा. तिच्या मोबाईलच्या कव्हरला लोहचुंबकाचा खटका होता आणि मोबाईल ती ठेवायची कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यावर. लॅपटॉपला झाकण बंद झालेलं कळतं ते आतल्या एका चुंबकाच्या सेन्सरवरनं, त्याला वाटायचं झाकण बंद झालं, तो झोपायचा. मोबाईल उजवीकडं ठेवा म्हणलं. चौथ्या वेळीही काही पैसे घेता आले नाहीत.

चार्जर, म्हणजे निम्मं प्रकरण इथंच मिटतं

आता हे जरा नीट वाचा कारण खर्च वाचतो तो इथंच.

पहिलं, भिंतीचा सॉकेट बदला. एक्स्टेंशन बोर्डवर लावलेला असेल तर तिथनं काढून सरळ भिंतीत लावा. त्या सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून बघा, लाईट येतीय का खात्री करा. दुसरं, ती सुटी कॉर्ड. अडॅप्टरमध्ये घुसणारं तीन भोकांचं तोंड असतं, ते ढिलं होतं, दाबून बसवा, नाहीतर शेजाऱ्यांच्या लॅपटॉपची कॉर्ड लावून बघा, तोंड सारखं असलं की ही कॉर्ड कुठल्याही कंपनीची चालते, ती फक्त २३० व्होल्ट घेऊन जाते, तिला काय डोकं नसतं.

तिसरं, अडॅप्टरवर लाईट असेल तर एक टेस्ट करा जी मी रोज करतो. लॅपटॉपला पिन न लावता अडॅप्टरची लाईट बघा. लागलीय? आता पिन लॅपटॉपमध्ये घाला. लाईट तशीच राहिली तर बरं. पिन घातल्या घातल्या लाईट विझली किंवा लुकलुकायला लागली आणि पिन काढली की परत लागली, तर समजा लॅपटॉपच्या बोर्डवर (मदरबोर्ड, आतली मुख्य सर्किटची पाटी) कुठंतरी शॉर्ट आहे आणि अडॅप्टर स्वतःला वाचवायला बंद होतोय. इथं लोक काय करतात, पिन घाल-काढ घाल-काढ दहा वेळा. करू नका. बोर्डवर एखादा तांदळाच्या कणीपेक्षा बारका कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो, तो काढून टाकला की बरेचदा बोर्ड उठतो, पण तुम्ही पुनःपुन्हा करंट ढकलत राहिला तर बाजूचंही घेऊन जातो. पिन काढून ठेवा आणि दुकान गाठा.

मल्टिमीटर असलेली माणसं आपल्याकडं बरीच आहेत, द्राक्षबागेत मोटरीच्या पेटीशी झटापट करून करून शेतकऱ्याला मीटर धरता येतो. त्यांच्यासाठी: मीटर डीसीवर ठेवा, २० च्या रेंजवर नको, २०० च्या रेंजवर ठेवा. का, तर साधा मीटर २० च्या रेंजवर १९.९९ पर्यंतच दाखवतो, आणि लेनोवोचा अडॅप्टर असतो २० व्होल्टचा, तो लावला की मीटर नुसता १ दाखवतो आणि माणूस चांगला अडॅप्टर फेकून देतो. डेल-एचपीचे बहुतेक १९.५ व्होल्ट, एसर-असूसचे बरेच १९. आणि टाईप सी चार्जर असेल तर मीटर लावायच्या भानगडीत पडू नका, तो लॅपटॉपशी बोलणं झाल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाही, मीटरवर शून्य दिसलं म्हणून तो मेलेला नसतो.

दुसऱ्याचा चार्जर लावायचा असेल तर स्टिकर वाचा. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, १९ आणि १९.५ असा अर्ध्याचा फरक चालून जातो, जास्त नाही. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नको. लोक उलटं लक्षात ठेवतात, जास्त अँपिअर बघून घाबरतात आणि व्होल्टकडं बघतच नाहीत. लॅपटॉप त्याला पाहिजे तेवढेच अँपिअर ओढतो, पण व्होल्ट मात्र तुम्ही द्याल तेवढे अंगावर घेतो.

डेल आणि एचपीच्या गोल पिनमध्ये मधोमध एक सुई असते. ती पॉवरची नाही, ओळख पटवायची आहे, अडॅप्टर किती वॅटचा हे लॅपटॉप त्या सुईवरनं विचारतो. ती वाकली किंवा मोडली की डेल म्हणतो मी ह्याला ओळखत नाही, मग लॅपटॉप चार्जरवर रडतखडत चालतो पण बॅटरी काही चार्ज करत नाही. गिऱ्हाईक म्हणतं बॅटरी गेली, दुसरीकडं जाऊन बॅटरी बदलून येतं, तरी चार्ज होईना म्हणून मग माझ्याकडं येतं. नवी बॅटरी घ्यायच्या आधी मोबाईलच्या उजेडात ती सुई सरळ आहे का बघायला फुकट आहे.

टाईप सीवाल्यांची वेगळी तऱ्हा. मोबाईलचा चार्जर लॅपटॉपला बसतो म्हणजे तो चालतो असं नाही. लॅपटॉपला लागतात साधारण २० व्होल्ट आणि ४५ किंवा ६५ वॅट, मोबाईलचा साधा चार्जर ५ किंवा ९ व्होल्टवर थांबतो. मग लोक म्हणतात माझ्या मोबाईलच्या चार्जरवर ८० वॅट लिहिलंय की. लिहिलेलं असतं, पण ते बरेचदा त्याच कंपनीच्या फोनपुरतं असतं, लॅपटॉपला त्यातले दहा-पंधरा वॅट मिळाले तरी खूप. केबलचंही तसंच, साधी सी केबल ३ अँपिअरपर्यंतच, म्हणजे ६० वॅट, त्यापुढं चिप असलेली केबल लागते. आणि लॅपटॉपला दोन सी पोर्ट असले तर दोन्हीवर चार्जिंग होतंच असं नाही, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा.

अडॅप्टर उघडू नका. कधीच. २३० व्होल्ट आत गेल्यावर डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशेच्या आसपास साठतात आणि प्लग काढला तरी थोडा वेळ तिथंच बसून असतात. मी स्वतः अडॅप्टर दुरुस्त करत नाही, नवा देतो. एकदा उघडलेल्यात आत पाल निघाली होती, वाळून गेलेली, तेव्हापासून तर हौसच गेली.

बटण म्हणजे देवळातली घंटा न्हवं

लॅपटॉप चालू होईना झाला की माणसं बटण दाबत सुटतात, टक टक टक टक, पन्नास वेळा. बटण दाबल्याचं जिला कळतं ती बोर्डवरची एक छोटी चिप असते, लॅपटॉप बंद असतानाही ती जागी असते, आणि कधी कधी तीच अडकून बसते. ती अडकलेली असताना तुम्ही कितीही टकटक केलं तरी दार उघडायला कोणी नाही. तिची पॉवर पूर्ण तोडायला लागते. चार्जर काढा, पेनड्राइव्ह, माऊस, सगळं काढा, बॅटरी बाहेरनं निघणारी असेल तर काढा, आणि पॉवर बटण सलग ३० सेकंद दाबून धरा. मनात मोजा, लोकांचे ३० सेकंद दहात संपतात. मग फक्त चार्जर लावा, मिनिटभर थांबा आणि एकदा, एकदाच, बटण दाबा. बऱ्याच लेनोवोंना पाठीमागं टाचणी जाईल एवढं एक भोक असतं, आत बारकं रिसेटचं बटण आहे, पेपरक्लिप सरळ करून हळूच दाबा. माईकच्या भोकात घालू नका, तेही झालेलं आहे.

फोनवर मी हे सांगतो आणि जे लॅपटॉप तेवढ्यावर चालू होतात त्यांचे मला पैसे मिळत नाहीत, पण असूदे, तीच माणसं पुढं प्रिंटर माझ्याकडनं घेतात.

आणि बॅटरी पूर्ण खाली गेलेली असेल तर चार्जर लावल्या लावल्या चालू होईल अशी अपेक्षा ठेवू नका. तासगावकडचे एक बागायतदार, त्यांचा लॅपटॉप द्राक्षाचा सीझन संपला की कपाटात जातो आणि छाटणी झाल्यावर बाहेर येतो. पाच-सहा महिने तसाच पडलेला. लिथियमची बॅटरी फार खाली गेली की तिच्यातलं सर्किट स्वतःच कुलूप लावून घेतं, मग ती हळूहळूच उठते, कधी उठतच नाही. मामा दर वर्षी फोन करतात, "चालू होईना गड्या", मी दर वर्षी सांगतो लावून ठेवा तासभर आणि जेवून घ्या. आणि ठेवताना निम्मं चार्ज करून ठेवा हे पण दर वर्षी सांगतो.

चालू होतो पण लगेच बंद होतो

हा प्रकार मार्केट यार्डातला. हळदीच्या पेढीवर लॅपटॉप असतो, दिवाणजी दिवसभर त्याच्यावर, आणि बाजूला पोती. तो लॅपटॉप उघडला की आत सगळं पिवळं. फॅन पिवळा, जाळी पिवळी, बोटं पिवळी, दुकानात दिवसभर भंडाऱ्यासारखा वास. जाळी बुजली की हवा जात नाही, प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवायला बंद होतो, गार होईपर्यंत चालू होत नाही, मग चालू झाला की परत दहा मिनिटांत बंद. मालक म्हणतात मशीन गेलं, नवं घ्या. साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर जायला मदत करणारा लेप) बदलली की तेच मशीन पुढची दोन वर्षं टॅली चालवतं.

चूक कुठं होते तर ब्लोअर मारण्यात. दुकानातला मोठा ब्लोअर फॅनच्या तोंडाला लावतात, फॅन भन्नाट फिरतो, बघायला मजा वाटते, पण बेअरिंग ढिलं होतं, आणि आतली धूळ बाहेर यायच्या ऐवजी जाळीत आणखी घट्ट बसते. मारायचाच असेल तर फॅनचं पातं काडीनं धरून ठेवा आणि थोडा थोडा मारा.

लाईट लागते, फॅन फिरतो, पण स्क्रीनवर काहीच नाही आणि मधेच बीप बीप, असं असेल तर बरेचदा रॅम. बीप मोजा. डेलच्या बऱ्याच मॉडेलांत दोन बीप म्हणजे रॅम सापडली नाही, चार म्हणजे रॅम खराब, पाच म्हणजे घड्याळाचा सेल गेला, आठ म्हणजे स्क्रीन. एचपीत कॅप्स लॉकची लाईट ठरावीक वेळा लुकलुकते. मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि दाखवा, निम्मं निदान तिथंच होतं. रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबरानं हलके पुसून परत बसवायची ही आपल्याकडची जुनी युक्ती आहे आणि चालते, दमट दिवसांत तर हमखास. पण बॅटरीचा कनेक्टर आधी काढा! बॅटरी लागलेली असताना रॅम उपसली तर रॅम जाऊ शकते, स्लॉटही जाऊ शकतो. आणि नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा चालू व्हायला वेळ लागतो, डीडीआर ५ असेल तर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहतो, तो तिची ओळख करून घेत असतो, तेवढ्यात "हे पण चालेना" म्हणून बटण दाबून बंद करू नका.

चहा, पाऊस आणि पूर

इथं मात्र सावकाश चालत नाही. लॅपटॉपवर काही सांडलं की एकच काम: चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा, झाकण उघडंच ठेवून तंबूसारखा पालथा उभा करा, बॅटरी निघत असेल तर काढा. आणि मग त्याला हात लावू नका. चालतोय का बघायला चालू करू नका. पाण्यानं बोर्ड तेवढा मरत नाही जेवढा पाण्यात करंट गेल्यानं मरतो. साखरेचा चहा तर साध्या पाण्यापेक्षा वाईट, वाळला तरी चिकट थर राहतो, त्यावर मुंग्या येतात, आणि तांब्याच्या बारीक रेघा हिरव्या पडून खाल्ल्या जातात, म्हणजे आज चाललेला लॅपटॉप दोन महिन्यांनी बंद पडतो आणि माणूस म्हणतो "काहीच झालं नव्हतं ओ". चहा सांडला होता का विचारलं की आधी नाही म्हणतात. आत उघडला की दालचिनीचा वास येतो.

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. तांदूळ बोर्डावरची साखर काढत नाही, उलट त्याचा भुसा पोर्टात जातो. हेअर ड्रायरनं तर पाणी कोरडं होण्याऐवजी चिपच्या खाली ढकललं जातं. आणि उन्हात वाळवणाला घालू नका.

हे शेवटचं मी कुणाला तोंड वर करून सांगू शकत नाही खरं तर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली, तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागात घरं पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात. पाणी उतरल्यावर आठ-दहा दिवस माझ्याकडं लॅपटॉप टोपलीनं आले, शब्दशः टोपलीनं, चिखलानं भरलेले. त्यातला एक वकिलांचा होता. मी वरनं धुतला, चार दिवस उन्हात वाळवला, बाहेरनं एकदम खडखडीत. आणि गर्दी एवढी होती की पूर्ण न उघडताच चार्जर लावला. एका चिपच्या पोटाखाली ओल राहिली होती. टिक असा आवाज आला आणि तो वास, जो एकदा नाकात गेला की जात नाही. बोर्ड गेला. उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ब्रश मारून, मग वाळवून लावला असता तर कदाचित उठला असता, मागनं आलेले तसले तीन उठले. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हे, त्यात मैद्यासारखा बारीक गाळ असतो, तो वाळून चिपच्या पायांमध्ये बसतो आणि ओल धरून ठेवतो. वकिलांची हार्ड डिस्क मात्र वाचली, सगळ्या फायली काढून दिल्या. ते एवढंच म्हणाले, "जाऊंदे, कागद तरी मिळाले, घरातले सगळे वाहून गेले." २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मी दुकानात पाटीच लावली होती, भिजलेला लॅपटॉप वाळवू नका, तसाच आणा.

वळवाचा पाऊस सुरू झाला, ढग गडगडायला लागले की चार्जरचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची वायर लॅपटॉपला डायरेक्ट लावलेली असेल तर तीही. एप्रिल-मेमध्ये एक वीज पडली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडं लाईन लागते.

फुगलेली बॅटरी

टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय, क्लिक होईना, झाकण नीट बसेना, टेबलावर लॅपटॉप डुलतोय? बॅटरी फुगलीय. दाबून बसवू नका, टाचणी मारून हवा काढू नका, हे सांगायला लागतंय म्हणजे कुणीतरी केलेलं आहे. चार्जिंग बंद करा, लॅपटॉप बंद करा आणि घेऊन या. कचऱ्याच्या गाडीतही टाकू नका.

"विंडोज मारून द्या की"

पॉवरच येईना झालेल्या लॅपटॉपवर विंडोज मारून, म्हणजे नव्यानं टाकून, काय होणार? पण रोज एकतरी म्हणतो. विंडोज बिघडलं तर लॅपटॉप चालू होतो आणि विंडोज बिघडलंय असं सांगतो. लाईटच लागत नसेल तर तिथंवर गाडी पोचलेलीच नाही. उगाच फॉरमॅटला तयार होऊ नका, आणि बंद लॅपटॉप बघून जो लगेच फॉरमॅट करूया म्हणतो त्याच्याकडनं लॅपटॉप परत घ्या.

तुमचा डेटा बोर्डात नसतो, एसएसडीत (डेटा साठवायच्या पट्टीत) असतो, बहुतेक लॅपटॉपांत ती एका स्क्रूवर निघते. बोर्ड जळला तरी फोटो, हिशोब, थीसिस सहसा शाबूत. पण एक मेख आहे. नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन केलं की बरेचदा ड्राइव्हला बिटलॉकरचं, म्हणजे विंडोजचंच, कुलूप आपोआप लागतं, तुम्हाला न विचारता. त्याची किल्ली त्या बोर्डवरच्या चिपशी बांधलेली. बोर्ड बदलला की विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं, आणि ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये पडलेली असते, ज्याचा पासवर्ड भाच्यानं लॅपटॉप घेतला त्या दिवशी टाकलेला आणि आता भाचा पुण्यात. लॅपटॉप चालू आहे तोवर आजच ती की बघून वहीत लिहून ठेवा. खरंच वहीत.

बायॉस (विंडोजच्या आधी लॅपटॉपला उठवणारा बोर्डवरचा प्रोग्राम) अपडेट चालू असताना लाईट गेली आणि बॅटरी मेलेली असल्यानं लॅपटॉप मधेच बंद पडला, असले वर्षातनं चार-पाच येतात. घाबरू नका. एचपी असेल तर चार्जर लावून विंडोज आणि बी ही दोन्ही बटणं धरून पॉवर बटण दोन-तीन सेकंद दाबा, पॉवर सोडा पण ती दोन धरूनच ठेवा. डेल असेल तर बंद लॅपटॉपवर कंट्रोल आणि एस्केप धरून ठेवा आणि मग चार्जरची पिन घाला. दोन्हीत बायॉसची राखीव कॉपी असू शकते, ती उठली तर बोर्डचे पैसे वाचतात. पहिली काही मिनिटं स्क्रीन काळा असेल, तेवढा धीर धरा.

दुकानात येताना

वॉरंटी शिल्लक असेल तर माझ्याकडं येऊ नका, खरंच, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, मी उघडला की वॉरंटीचा वाद सुरू होतो. वॉरंटी संपलेली असेल तर कुणाकडंही जा पण विचारा: बोर्ड बदलणार का चिप लेव्हलला, म्हणजे त्याच बोर्डवरचा बिघडलेला बारका पार्ट बदलून, दुरुस्त करणार, जुना पार्ट परत देणार का, आणि न झाल्यास तपासणीचे किती. सिरीयल नंबरचा फोटो काढून ठेवा. काय सांडलं, कधी पडला, आधी कुणी उघडला ते खरं सांगा, डॉक्टरला सांगतो तसं, मी काय ओरडत नाही. फार ओरडत नाही.

आणि चार्जर आणा. कॉर्डसकट. कालच मिरजेहून एक पाव्हणं आले, लॅपटॉप दोन पिशव्यांत गुंडाळून, जपून आणलेला, आणि चार्जर घरी. म्हणले, "चार्जर चांगलाच आहे ओ, कालच टेस्टर लावून बघितला, भिंतीत लाईट येतीय."